लेबल कोणी लिहिलं? समुदायाच्या कलाप्रदर्शनावर संशोधन करताना

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षातली गोष्ट. एका संग्रहालयाच्या हॉलमध्ये तांड्यावरच्या बायांच्या भरतकामाचं चार दिवसांचं प्रदर्शन होतं. मी वही, मोबाईल आणि छापील फॉर्म घेऊन पोचले. वस्तू मोजल्या, प्रत्येकीचा लेबलसकट फोटो काढला, अभिप्राय वहीतले शेरे उतरवून घेतले, बघायला आलेल्यांकडून फॉर्म भरून घेतले. डेटा झक्कास जमला म्हणून खुशीत परत आले.

गाईड मॅडमनी सगळं नीट पाहिलं आणि एकच विचारलं, "लेबलं कोणी लिहिली?"

मला माहीत नव्हतं. इतके फोटो काढले, पण हा प्रश्न डोक्यातच आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी परत गेले. एका जुन्या काचळीजवळ एक आजी बसल्या होत्या. लेबलवर होतं, "बंजारा कशिदाकाम. कापड, आरसे, कवड्या." मी विचारलं, आजी, हे कोणी लिहिलं? त्या म्हणाल्या, "मले काय मालूम, बाई? आम्ही आलो तवा चिकटवेलच होतं." मग काचळीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे त माह्या सासूच्या हातचं हाय. तिचं नाव कुठी हाय याच्यात?"

आजींच्या त्या एका प्रश्नाने माझा सिनॉप्सिस बदलला. तो कसा बदलला आणि असा विषय घेणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून काय बघावं, हे आज सांगते. पेट देऊन विषय शोधणाऱ्या मित्रमैत्रिणींना याचा जास्त उपयोग होईल.

आधी मूळ मुद्दा

समुदायाचं प्रदर्शन म्हटलं की आपण तीन गोष्टी मोजतो : किती वस्तू होत्या, किती लोक आले, लोकांना आवडलं का. या गोष्टी मोजायला सोप्या असतात, म्हणून सिनॉप्सिसमध्येही सहज येतात. पण यातून प्रदर्शन समुदायाचं होतं की समुदायाबद्दल होतं, हे कळत नाही. त्यासाठी निर्णय बघावे लागतात. विषय कोणी ठरवला? वस्तू कोणी निवडल्या? लेबल कोणी लिहिलं? पैसा कोणाच्या हातातून गेला? प्रदर्शन संपल्यावर वस्तूंचं काय झालं? आणि या प्रत्येक टप्प्यावर "नाही" म्हणायचा अधिकार कोणाला होता?

थोडक्यात, संशोधनाचं एकक वस्तू नाही, निर्णय आहे. पुढचं सगळं या एका वाक्याचं स्पष्टीकरण समजा.

सहभागाचे चार प्रकार

निना सायमन यांनी २०१० मध्ये 'द पार्टिसिपेटरी म्युझियम' हे पुस्तक लिहिलं. त्यात लोकसहभागाचे चार प्रकार सांगितले आहेत. ते आपल्याकडच्या लग्नाच्या पंगतीवरून समजून घेऊ.

पहिला, योगदान. म्हणजे घरून शिधा आणून द्यायचा. गहू तुमचे, पण काय रांधायचं ते दुसरा ठरवणार. संग्रहालय म्हणतं, जुन्या वस्तू आणून द्या, आम्ही मांडतो.

दुसरा, सहकार्य. म्हणजे स्वयंपाकाला हात लावायचा. मेहनत सगळ्यांची, पण बेत घरधनिणीचा. लोक संग्रहालयासोबत काम करतात, पण सूत्रं संग्रहालयाकडे राहतात.

तिसरा, सहनिर्मिती. पोळ्या करायच्या की पुऱ्या इथपासून सगळे एकत्र बसून ठरवतात.

चौथा, यजमानी. मंगल कार्यालयाने हॉल दिला, आत काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. स्थानिक गट संग्रहालयाच्या हॉलमध्ये आपलं प्रदर्शन आपणच भरवतो.

इथे बरेच जण एक चूक करतात. सहनिर्मिती सगळ्यात चांगली आणि योगदान सगळ्यात खालचं, असा क्रम लावतात. सायमन तसा क्रम लावत नाहीत. प्रत्येक प्रकाराची जागा वेगळी, असं त्यांचं म्हणणं. क्रम लावायचाच असेल तर त्यासाठी दुसरी चौकट आहे : शेरी आर्नस्टाइन यांची १९६९ मधली 'नागरी सहभागाची शिडी'. तिला आठ पायऱ्या. सगळ्यात खाली लोकांना नुसतं वळवून घेणं, मध्ये माहिती देणं आणि मत विचारणं, सगळ्यात वर नागरिकांच्याच हाती कारभार. त्यांचा भर सत्तेच्या वाटपावर आहे. सिनॉप्सिसमध्ये दोन्ही चौकटी एकत्र कालवू नका. कोणती, आणि का, हे एका वाक्यात लिहा. आर.आर.सी.समोर हा प्रश्न हमखास येतो.

मी पाहिलेलं प्रदर्शन कागदावर 'यजमानी' होतं. आजींशी बोलल्यावर कळलं की प्रत्यक्षात ते 'योगदान' होतं. पत्रिकेवर छापलेला प्रकार आणि जमिनीवरचा प्रकार यात जे अंतर पडतं, तिथेच तुमच्या संशोधनाला जागा आहे.

वऱ्हाडात लेबलं आधी कोणी लिहिली?

या प्रश्नाला आपल्या भागात जुना इतिहास आहे. बंजारा समाज पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या तांड्यांवरून धान्य आणि मीठ वाहून नेत होता. १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली आणि त्या व्यापाराचा कणाच मोडला. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. पुढे त्याचा शिक्का अनेक भटक्या समाजांवर बसला. आजही महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातींच्या यादीत येतो, तो याच इतिहासामुळे.

आता हे बघा. वऱ्हाडातल्या बंजाऱ्यांवरचं सुरुवातीचं एक सविस्तर लेखन कोणाचं? कंबरलेज नावाच्या बेरार पोलिसांतल्या अधिकाऱ्याचं, १८८२ मध्ये छापलेलं. पुढे रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड काढले, त्यात त्याचाच आधार घेतला. म्हणजे या समाजाचं एक सुरुवातीचं 'लेबल' पोलिसाने लिहिलं, आणि ते पुस्तकातून पुस्तकात उतरत राहिलं. आपण वाङ्मय आढाव्यात ही पुस्तकं बिनधास्त टाकतो. टाकावीच, पण लिहिणारा कोण होता आणि कशासाठी लिहीत होता, तेही सोबत लिहावं.

संग्रहालयांचंही असंच. मुंबईचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये खुलं झालं. तिथे वेगवेगळ्या जातीधर्मांच्या आणि धंद्यांच्या लोकांच्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत. कारागिरी अप्रतिम. पण ज्यांच्या मूर्ती आहेत ते लोक तिथे बोलत नाहीत, त्यांच्याबद्दल दुसरंच कोणी बोलतं. सगळ्या जगात संग्रहालयं अशीच सुरू झाली.

बदल व्हायला वेळ लागला. एक प्रसिद्ध उदाहरण वॉशिंग्टनचं. तिथल्या अनाकोस्टिया या कृष्णवर्णीय वस्तीत १९६७ मध्ये स्मिथसोनियन संस्थेने एक छोटं संग्रहालय काढलं. १९६९ मध्ये तिथे उंदरांवर प्रदर्शन भरलं! वस्तीतल्या पोरांच्या बोलण्यात उंदीर सारखे यायचे. घरोघरी तोच त्रास होता, म्हणून तोच विषय झाला. बाहेरच्या क्युरेटरला हा विषय कधी सुचला असता का? विषय कोणी ठरवला, हा प्रश्न का महत्त्वाचा, ते इथे कळतं. पुढे २०२२ मध्ये प्राग इथे संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने संग्रहालयाची नवी व्याख्या मंजूर केली. तिच्यात समुदायांचा सहभाग हे शब्द आले.

आपल्या दारातलं उदाहरण : पोहरादेवी

५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिम जिल्ह्यात पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. १९९८ पर्यंत वाशिम हा अकोला जिल्ह्याचाच भाग होता, त्यामुळे अकोला-अमरावतीच्या विद्यार्थ्यांना हे घरचंच. संत सेवालाल महाराजांचं हे स्थान, देशभरातला बंजारा समाज इथे येतो. संग्रहालयात १३ दालनं आहेत. समाजाचा वारसा, नेते, चळवळी, राहणीमान असं सगळं त्यात मांडलं आहे.

दीडशे वर्षांपूर्वी ज्यांच्याबद्दल पोलीस लिहीत होते, त्यांच्यासाठी सरकारने संग्रहालय उभारलं. ही मोठीच गोष्ट आहे. पण संशोधकाचं काम टाळ्यांवर थांबत नाही, आणि टीका करून मोकळं होण्यावरही नाही. तिथे जा आणि प्रश्न घेऊन जा. लेबलांची भाषा कोणती? गोरबोलीला स्वतंत्र लिपी नाही, ती देवनागरीत लिहिता येते. मग लेबलवर 'घागरा' आहे की 'फेटिया'? 'चोळी' आहे की 'काचळी'? शब्द बदलला की बोलणारा बदलतो. तांड्यावरची बाई आपल्या लेकराला घेऊन दालनातून फिरते, तेव्हा ती लेबल वाचून सांगते की लेबलकडे न बघता स्वतःच्या आठवणीतून सांगते? दुसऱ्या प्रकारचं सांगणं कानावर पडलं तर ते उतरवून घ्या. त्याच्याइतका चांगला डेटा फॉर्ममधून मिळत नाही.

याला जोडून एक तुलना करता येते. जुलै २०२३ मध्ये कर्नाटकात हंपीला जी-२० च्या बैठकीच्या वेळी लंबाणी (म्हणजे आपल्याकडचे बंजारा) भरतकामाचं प्रदर्शन भरलं. संडूरच्या कुशल कला केंद्राशी जोडलेल्या ४५० हून जास्त बायांनी ते काम केलं. १,७५५ वस्तू एकत्र मांडल्या आणि गिनीज विक्रम झाला. संडूरच्या या भरतकामाला भौगोलिक मानांकनही आहे. बातम्यांमध्ये काय लक्षात राहिलं? १,७५५ हा आकडा. त्या साडेचारशे जणींपैकी एकीचं तरी नाव आपल्याला सांगता येतं का? मोजणीने कला मोठी दिसते, पण करणारी हरवू शकते. माझ्या पहिल्या वहीतही नेमकं हेच झालं होतं.

भिंतीवरून गॅलरीत : वारलीचा धडा

समुदायाची कला संग्रहालयात गेली की नाव कोणाचं होतं, याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात अभ्यासण्यासारखं उदाहरण वारली चित्रकला. लग्नाचा चौक घराच्या भिंतीवर लिहायचं काम मुळात सवाष्णींचं. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी डहाणूकडे गेले, लोकांना कागद आणि रंग दिले. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचं काम पुढे आलं. १९७५ मध्ये मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये ते प्रदर्शित झालं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मशे यांनी विधीच्या बाहेर येऊन या चित्रांना स्वतःची भाषा दिली, त्यांचं श्रेय कमी होत नाही.

पण संशोधक म्हणून हेही नोंदवावं लागतं : भिंतीवर होती तोवर ती बायांची सामूहिक कला होती. कागदावर आल्यावर ती सही असलेली, विकली जाणारी आणि बरीचशी पुरुषांच्या नावाने ओळखली जाणारी कला झाली. कोणी ठरवून केलं नाही. गॅलरीला एक नाव लागतं, विधीला लागत नाही. जागा बदलली की नियम बदलतात, आणि नियम बदलले की काही माणसं पुढे येतात, काही मागे राहतात. तुमच्या प्रदर्शनात मागे कोण राहिलं, ते शोधा.

"नाही" हासुद्धा डेटा आहे

आता मेळघाटात येऊ. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत कोरकू समाज मोठ्या संख्येने आहे. कोरकूंमध्ये मयत माणसाच्या स्मरणासाठी कोरीव लाकडी फळी उभारायची रीत आहे. तिला मुंडा म्हणतात. तिच्यावर सूर्य, चंद्र, घोडेस्वार असं कोरलेलं असतं. कलेचा विद्यार्थी ती बघितली की हरखतो, आणि लगेच वाटतं की ही संग्रहालयात हवी.

पण थांबा. आपल्यासाठी ते काष्ठशिल्प आहे, त्या घरासाठी तो त्यांचा माणूस आहे. आपल्या आजोबांच्या नावाने उभारलेली फळी काचेच्या पेटीत गेली तर आपल्याला काय वाटेल? कोणी देईल, कोणी देणार नाही. कोणी म्हणेल, नवीन कोरून देतो, ती ठेवा. ही तिन्ही उत्तरं तितकीच महत्त्वाची आहेत.

जगात याची मोठी उदाहरणं आहेत. अमेरिकेतल्या झुनी लोकांच्या युद्धदेवतांच्या लाकडी मूर्ती उघड्यावर ठेवून निसर्गात विरू द्यायच्या असतात. संग्रहालयांनी त्या जपून ठेवल्या होत्या. संग्रहालयाच्या दृष्टीने ते जतन, झुनींच्या दृष्टीने ती अडवणूक. १९७८ पासून त्यांनी मूर्ती परत मागायला सुरुवात केली आणि डेन्व्हरच्या कला संग्रहालयासह अनेकांनी त्या परत दिल्या.

म्हणून प्रदर्शनात काय होतं एवढंच लिहू नका. काय आणलं नाही, कोणी आणू दिलं नाही, का, हेही लिहा. कोणाला एकदाही "नाही" म्हणता आलं नसेल, तर तो सहभाग तपासून बघायला हवा.

याच्या उलट बाजूचं उदाहरण भोपाळमध्ये मिळतं. तिथल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयात खुल्या जागेत आदिवासी घरं आहेत, ती त्या त्या समाजातल्या लोकांनीच येऊन बांधली. मध्य प्रदेशच्या जनजातीय संग्रहालयात कोरकूंचाही समावेश आहे. मेळघाट आणि त्याच्या पलीकडचे कोरकू एकच समाज, फक्त मध्ये राज्याची सीमा. धारणीचा कोरकू मुलगा भोपाळला जाऊन स्वतःचं घर बघतो तेव्हा काय बोलतो, हा एका चांगल्या प्रबंधाचा विषय आहे.

मग फिल्डवर करायचं काय?

आता कामाचं बोलू. मी माझी पद्धत अशी बदलली.

१. उद्घाटनाच्या आधी पोचा. निर्णय उद्घाटनाच्या दिवशी होत नाहीत, आधीच्या बैठकांत होतात. बैठकीला बसू द्या अशी विनंती करा. कोण बोललं, कोण गप्प बसलं, चहा कोण करत होतं, सगळं लिहा.

२. निर्णयांचा तक्ता करा. आडव्या ओळीत विषय, निवड, लेबल, भाषा, मांडणी, पैसा, परतफेड. उभ्या रकान्यात तीन प्रश्न : कोणी सुचवलं, कोणी ठरवलं, कोण नाकारू शकत होतं. हा तक्ता भरला की अर्ध विश्लेषण तिथेच होतं. रिकामी राहिलेली चौकट म्हणजे पुढच्या मुलाखतीचा प्रश्न.

३. लेबलचे कच्चे मसुदे मागा. शेवटचं लेबल छान असतं. पहिल्या मसुद्यातून काय खोडलं, ते जास्त बोलकं असतं.

४. मुलाखत हॉलमध्ये घेऊ नका. हॉलमध्ये पाहुणे असतात, आयोजक असतात, माणूस चांगलंच बोलतो. दोन-तीन आठवड्यांनी घरी जा. बर्नाडेट लिंच यांनी २०११ मध्ये ब्रिटनमधल्या १२ संग्रहालयांवर केलेला अभ्यास जरूर वाचा. त्याच्या नावाचाच अर्थ 'केक नेमका कोणाचा?' असा होतो. बोलावलेले लोक मनापासून सहभागी झाले, पण खरे निर्णय आधीच झालेले असायचे, असं त्यात पुढे आलं. आपल्या पंगतीत बसवा : वाढायला बोलावलं, पण बेत ठरवताना विचारलं नाही.

५. नाव लपवायचं की लिहायचं, हे विचारा. संशोधनाची नीती शिकवताना आपल्याला सांगतात की माहिती देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवा. आजारपण, हिंसा, वाद अशा विषयांत ते बरोबरच आहे. पण कलावंताचं नाव लपवलं तर आपणही तेच करतो, जे 'बंजारा कशिदाकाम' एवढंच लिहिणाऱ्या लेबलने केलं. म्हणून संमतीपत्रात दोन वेगळे प्रश्न ठेवा : तुमच्या कामासोबत तुमचं नाव लिहू का? तुमच्या मतांसोबत लिहू का? बऱ्याचदा पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही, असं उत्तर येतं. दोन्ही पाळा.

६. शेवट बघून या. वस्तू घरी कशा परत गेल्या? विक्री झाली असेल तर पैसे कधी मिळाले? काही हरवलं, फाटलं तर जबाबदारी कोणी घेतली? प्रदर्शन संपल्यावर संशोधकही निघून जातो, आणि गटाची खरी कसोटी तेव्हाच सुरू होते.

विषय शोधत असाल तर

आपल्याकडे मोठी संग्रहालयं कमी, म्हणून विषय नाही असं म्हणू नका. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, १८६३ पासूनचं. तिथली आदिवासी वस्तूंची मांडणी आणि पोहरादेवीची मांडणी यांची तुलना होऊ शकते. मेळघाटात लवाद्याच्या संपूर्ण बांबू केंद्राच्या निमित्ताने एक प्रश्न घेता येतो : बांबूची वस्तू 'कला' कधी होते आणि 'माल' कधी? अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या प्रदर्शनात बचत गटांचे स्टॉल लागतात. स्टॉलवरची वस्तू आणि संग्रहालयातली तीच वस्तू, यांच्यावरच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवून बघा. एकीवर किंमत असते, दुसरीवर नसते. करणारणीचं नाव कोणत्या चिठ्ठीवर आहे?

विषय लहान ठेवा. एक गट, एक प्रदर्शन, सहा महिने. एवढ्यात भरपूर मिळतं.

त्या आजींकडे मी नंतर तांड्यावर गेले. प्रबंधात तुमच्या सासूबाईंचं नाव लिहू का, असं विचारलं. त्यांनी नाव सांगितलं, मी वहीत लिहिलं. मग म्हणाल्या, "वाचून दाखव बरं." मी वाचलं. एक अक्षर चुकलं होतं. त्यांनी दुरुस्त करायला लावलं आणि परत वाचून घेतलं.

पुढच्या प्रदर्शनाला जाल तेव्हा अभिप्राय वही उघडायच्या आधी एका लेबलजवळ थांबा आणि आजूबाजूला विचारा, हे कोणी लिहिलं? काय उत्तर मिळालं ते मला जरूर कळवा.